रंगूबाईच्या माथी बोल

कराड सोडून इस्लामपूरकडं निघालं की कृष्णेच्या काठाला उसाची गावं लागतात. त्यातल्या एका गावात रंगूबाई बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायची. विसाव्या वर्षी नवरा गेला, पोटी काही नव्हतं. चुलतसासूनं हाताला धरून तिला या कामाला लावलं, आणि बघता बघता गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. न्हाणीत दोन पाय पसरून बसायचं, पोराला नडग्यांवर पालथं घालायचं, कोमट तेल जिरवायचं. मग कणकेचा मऊ गोळा पाठीवरून, कपाळावरून फिरवून लव काढायची. रडणारं पोर तिच्या हातात दोन मिनिटांत गप व्हायचं. बायका म्हणायच्या, रंगूबाईच्या हाताला देवानं गुण दिलाय. ती म्हणायची, "गुन तेलाचा गं. मी आपली निमित्ताला."

एकाहत्तर साली हिवाळ्यात लढाई लागली तेव्हा शालूबाईच्या घरी अंजनाचे दिवस भरले. शालूबाईचा थोरला मुलगा मानसिंग फौजेत होता आणि त्या वेळी सीमेवर होता. अंजना ही त्याची बायको, म्हणजे शालूबाईच्या सख्ख्या भावाची, आकारामाची थोरली मुलगी. मामाची मुलगी करण्याची चालच होती, आणि त्यातून अंजनाची आई लहानपणीच गेलेली, म्हणून शालूबाईनं भाचीला सून करून आणलं होतं. माहेरी आई नाही म्हटल्यावर पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. मुलगा झाला. त्याचं नाव जोतीराम ठेवायचं, हे शालूबाईनं आधीच ज्योतिबाला बोलून ठेवलं होतं.

पोर जन्मलं तेव्हा उजव्या टाचेवर रुपयाएवढी जागा लाल आणि ओली होती. रंगूबाईला ती दिसली. शालूबाई म्हणाली, "पोरीनं लय तिखट खाल्लं, त्येची उस्नता." रंगूबाईलाही तसंच वाटलं. दोन दिवस नुसतं कोमट पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी ती तेल घेऊन बसली.

तेल लावतानाच पोर वेगळं ओरडायला लागलं. रंगूबाईनं शेकडो पोरांचं रडणं ऐकलेलं होतं, पण हे त्यातलं नव्हतं. तरी तिला वाटलं, सर्दीनं पोट दुखत असेल, चोळलं की बरं वाटेल. तिनं कणकेचा गोळा पाठीवर ठेवला आणि नेहमीसारखा वरून खाली ओढला. गोळ्याबरोबर कातडी आली. भिजल्या कागदासारखी पातळ, हाताच्या तळव्याएवढी. खाली लालभडक.

रंगूबाईचा हात तसाच राहिला. तिनं तो गोळा खाली टाकला नाही, पोराला उचललं नाही. दारातून शालूबाईनं बघितलं आणि किंचाळली, "आगं सटवे, काय केलंस ह्ये! माज्या नातवाला सोललंस की गं!"

गल्ली गोळा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पोराला मिरजेला न्यायचं ठरलं. अंजनाला धड उभं राहता येत नव्हतं, पण अंगावर पाजायला ती हवीच होती. पोराला धरायचं कसं, हेच कुणाला कळेना, जिथं धरावं तिथं पाण्याचा फोड यायचा. शालूबाई रंगूबाईच्या दारात येऊन म्हणाली, "तूच केलंयस, आता तूच मांडीवर घिऊन बस." रंगूबाईनं लुगडं बदललं. जुनं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं एक धोतर घरात होतं, त्याची घडी मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. इस्लामपूर, आष्टा, सांगली करत मिरजेपर्यंत तिनं पाय हलवला नाही.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोराला बराच वेळ बघितलं. हात न लावता बघितलं. मग तिघींना समोर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला तो नवरा-बायकोच्या नात्याचा.

"नात्यातली म्हंजी?" शालूबाईला अभिमानच वाटला. "आवं, माज्या पाठच्या भावाची लेक हाय की ती!"

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "बाई, हा रोग बाहेरून आलेला नाही. कातडीचे दोन पदर असतात, एक वरचा, एक खालचा. आपले एकमेकांना धरून असतात. ह्याचे धरत नाहीत. घासलं की वरचा सुटतो."

रंगूबाई हळूच म्हणाली, "म्हंजी गोधडी हाय, पर मधी टाकंच घातलं न्हाईत."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. "आणि तुमच्या हातानं हे झालेलं नाही. तुम्ही घासलं नसतं तरी चार दिवसांनी आईच्या कडेवर निघालं असतं. आई-बापाच्या रक्तात तो दोष लपून असतो, त्यांना स्वतःला काही होत नाही. दोघांकडून एकदम आला तर मुलाला होतो. बाई, तुमच्या माहेरचंच रक्त दोन्ही बाजूंनी येऊन मिळालंय इथं. ह्याच्यावर औषध नाही. जपायचं, एवढंच. पुढची मुलं चांगली होतील, एखादं असंही होईल. चारांत एक, असं धरा. आणि ह्या दोन घरांत पुन्हा सोयरीक करू नका."

त्या रोगाचं इंग्रजी नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं. ते लांबलचक नाव तिघींतल्या एकीलाही कधी म्हणता आलं नाही. फोड उकळलेल्या सुईनं एका बाजूला टोचून पाणी काढायचं, वरची कातडी तशीच ठेवायची, चिकटेल असं काही लावायचं नाही, हे एका सिस्टरनं तीन दिवस शिकवलं. अंजनाला सुई धरवेना. रंगूबाई शिकली.

परतताना सांगलीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या असताना शालूबाई रंगूबाईच्या जवळ सरकली. चार दिवसांत पहिल्यांदा ती तिच्याशी नीट बोलली.

"रंगे, डाक्टर जे बोलला ते गावात काढू नगंस."

"का वं आक्का?"

"माज्या भावाच्या घरात अजून एक पोरगी हाय. गोदी. बारा वर्साची हाय. रक्तातच रोग हाय असा बोभाटा झाला तर तिला कोन पदरात घील? आनि ही बग." तिनं अंजनाकडं हनुवटी केली. अंजना बाकाला टेकून डोळे मिटून बसली होती, पण तिच्या पापण्या हलत होत्या. "मान्या तापट हाय. हिच्या रक्तातनं आलं म्हनला, दुसरी करून आनली, तर मी काय करू?"

"पर आक्का, मग लोकं मला..."

"लोकं काय, चार दिस बोलत्यात. तुला काय लगीन करायचं हाय का लेकीचं?"

रंगूबाईनं मांडीवरच्या पोराकडं बघितलं. पोर झोपलं होतं, ओठावर एक फोड होता आणि तरी झोपेत चोखल्यासारखं करत होतं. ती म्हणाली, "बरं."

गावात गेल्यावर शालूबाई नुसती गप्प राहिली असती तर लोकांनी अंदाज बांधले असते. तिनं अंदाजाला जागा ठेवली नाही. मिरजेचा डॉक्टर म्हणाला, तेल कढत होतं, असं तिनं सांगितलं. रंगूबाईनं हे आडावर ऐकलं. घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घरी आली. देवापुढं दिवा लावताना रोज ती चार नावं घ्यायची, त्या दिवशी तिला एकच सुचलं: देवा, पोराला लय दुखू देऊ नगंस.

तिचं काम बंद झालं. नव्या बाळंतिणी वरच्या आळीतल्या एका बाईला बोलवायला लागल्या. रंगूबाई रोजगारावर शेतातलं तण भांगलायला जाऊ लागली. ज्यांना तिनं पायांवर घेतलं होतं ती पोरं रस्त्यात "आली सोलनारी" म्हणून पळायची.

मानसिंग चैत्रात रजेवर आला. त्यानं पोराला बघितलं आणि तडक रंगूबाईला बोलावून घेतलं. ती अंगणात उभी राहिली.

"रंगाकाकू, मला न्हाऊ घातलंस तू. त्या वक्ताला माजी कातडी न्हाई निघाली?" त्याचा आवाज फाटला. "मी तिकडं मरन चुकवून आलो आनि हितं घरात बसून पोराला ह्ये केलंस?"

अंजना दाराची चौकट धरून उभी होती. ती रंगूबाईकडं बघत होती, असं बघत होती की रंगूबाईला दुसरीकडं बघावं लागलं.

"चुकलं बाबा," रंगूबाई म्हणाली.

त्यानं हात उचलला होता, तो खाली घेतला. "पोराचं तूच करायचं आता. जिता हाय तवर."

त्याला ती शिक्षा वाटली. रंगूबाई त्या शिक्षेसाठी रोज सकाळी कोंबडं आरवल्यावर आंघोळ करून निघायची आणि मागच्या दारानं आत जायची.

कापड जखमेला चिकटायचं. काढताना पोराचा जीव जायचा. सिस्टरनं दिलेल्या मलमपट्ट्या महिनाभरात संपल्या, आणि व्हॅसलिन लावलेलं फडकंही उन्हाळ्यात सुकून बसायचं. एके दिवशी कुणाच्या तरी वास्तुशांतीला पंगतीत बसलेली असताना रंगूबाईच्या ध्यानात आलं की केळीच्या पानावर वाफेचा भात वाढतात, भाजी, वरण वाढतात, आणि पान पुसलं की कोरं. ती अर्ध्या जेवणावरून उठली. तिच्या मोरीच्या पाण्यावर चार केळी होत्या. कोवळं, अजून पुरतं न उलगडलेलं पान तिनं कापलं, उकळत्या पाण्यातून काढलं, थंड केलं, त्याला गोडं तेल पुसलं आणि त्याच्यावर जोतीला निजवलं. दोन तासांनी उचललं. पान त्याच्या पाठीवरून अलगद सुटलं, आणि तो रडला नाही. अंजना तिथंच बसून रडली.

तेव्हापासून रोज एक पान.

जोती वाढला, पण थोडाच. पाच वर्षांचा झाला तरी तीन वर्षांचा दिसायचा. हाताची बोटं फोड येऊन, बरी होऊन एकमेकांना चिकटत चालली होती. तोंडातही फोड यायचे, म्हणून पेज, दूध, कुस्करलेलं केळं. डोकं मात्र असं तल्लख की शालूबाईलाच धाक. घराबाहेर फारसा गेला नाही, मिरजेची वारी मात्र वर्षातून एकदा व्हायची, आणि त्या रस्त्यावरच्या थांब्यांची नावं त्याला पाठ होती. अंगावरच्या फोडांना त्यानं तीच नावं दिली होती.

"रंगाआजी, आज कुटनं सुरू?"

"तूच सांग की कंडक्टर."

"मानेवर कराड हाय. कराड न्हानगं हाय आज. काखेत इस्लामपूर. लय गर्दी हाय इस्लामपूरला, सावकाश." ती सुई टोचायची तेव्हा त्याचे डोळे घट्ट मिटायचे, पण तोंड चालूच. "चला, आष्टा आलं आष्टा. उतरा बिगीबिगी. म्हातारे, उतर की!"

"मी मिरजेचं तिकीट काढलंय," रंगूबाई म्हणायची.

"मिरज गुडघ्यावर हाय. तितं आज न्हाई जायाचं. तितं लय दुकतंय."

त्याच्या पाठीवर एक बहीण झाली. तिला न्हाऊ घालायला वरच्या आळीतली बाई आली. रंगूबाई आत जोतीजवळ बसून न्हाणीतलं पोरीचं रडणं ऐकत होती. ते साधं, पोट भरण्यासाठी रडणाऱ्या पोरीचं रडणं होतं. तिनं देवाला हात जोडले. संध्याकाळी शालूबाई तिला मुद्दाम म्हणाली, "बघितलंस? काकडीच्या गाभ्यावानी कातडी हाय. डाक्टर म्हंजी काय देव न्हवं."

"चारात एक म्हनला हुता आक्का."

"तुजी चार ऱ्हाऊ दे."

जोती तीन वर्षांचा झाला तेव्हापासून अंजनाची धाकटी बहीण गोदा येऊन-जाऊन त्या घरात असायची. सावळी, उंच, बडबडी पोरगी. रंगूबाईच्या हाताखाली ती पान उकळायची, फडकी वाळवायची, आणि जोतीशी भांडायची. गावात काय बोलतात ते तिला माहीत होतं, आणि पहिल्या वर्षी ती रंगूबाईशी फटकून वागली. पुढं ती ते विसरून गेली.

शहात्तरच्या दिवाळीनंतर शालूबाईनं ठरवलं की गोदा आपल्या धाकट्या मुलाला, सयाजीला करून घ्यायची. दोघी बहिणी दोघा भावांना, यात गावाला काही वावगं दिसलं नाही. उलट चांगलंच म्हणाले सगळे. सयाजी घरची शेती बघत होता, गुणी होता, आणि गोदा पाणी घेऊन रानात गेली की त्याची मोट उगाच थांबायची, हेही लोकांनी बघितलं होतं.

रंगूबाईनं ऐकलं तेव्हा ती शालूबाईला परड्यात गाठून म्हणाली, "आक्का, ह्ये नगं करू."

"का?"

"का म्हनून मला इचारतीस? तू हुतीस की तितं."

शालूबाईनं गोवरी थापता थापता हात थांबवला. "माजा भाऊ थकलाय. पोरीला भाईर दिली आनि तिला असलं काय झालं तर सासरची जित्ती ठेवतील का तिला? माज्या घरात तरी पदराखाली ऱ्हाईल." ते ती मनापासून बोलत होती, हे रंगूबाईला दिसत होतं. मग तिचा आवाज बदलला. "आनि ध्यानात ठेव रंगे. तोंड उघडलंस तर ह्या घराचा उंबरा तुला बंद. जोत्याचं तोंड दिसायचं न्हाई तुला."

अंजनानंही तिला त्याच दिवशी गाठलं. "काकू, गप बसा. तुमच्या पाया पडती. मालक वर्सातनं एकदा येत्यात. ह्या घरात मला बोलायला मानूस न्हाई. गोदी आली तर मी जगंन." तिचं वय चोवीस होतं, दिसायची चाळिशीची.

सुपारीचा दिवस ठरला. मानसिंगची चैत्रातली रजा बघूनच ठरवला. रंगूबाईला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. गावाबाहेर ज्योतिबाचं लहानसं देऊळ आहे, तिथं लोक कौल लावतात. एका सकाळी ती तिथवर गेली, फुलं पाण्यात भिजवली आणि देवाच्या अंगाला लावायला हात पुढं केला. मग हात मागं घेतला. उत्तर तिला ठाऊक होतं. देवाच्या गळ्यात घालून मोकळं व्हावं, असं तिला वाटेना. फुलं पायाशी ठेवून ती परत आली.

सुपारीच्या आदल्या दिवशी सकाळी ती जोतीचं करत होती आणि गोदा पातेलं धरून बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. जोतीची गाडी आष्ट्यापर्यंत आली होती.

"गोदे, तुला एक सांगायचं हाय. हात हितंच ठिव आनि ऐक."

तिनं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, गोधडीचं, चारांत एकाचं, दोन घरांचं. काही वाढवलं नाही. गोदाच्या हातातलं पातेलं एका बाजूला कललं आणि पाणी जमिनीवर सांडत राहिलं.

"ताईला ठावं हाय?"

"व्हय."

"आत्तीलाबी?"

"व्हय."

"आनि तुमी पाच वर्सं गप? गाव तुमच्या तोंडावर थुकतंय काकू!"

"तुला कुनी करून घेतलं नसतं तवा. म्हनून गप हुते. आता कशी बसू?"

पानावरून जोतीचा आवाज आला. "म्हंजी मला तू न्हाई सोललं?"

दोघी दचकल्या. तो आढ्याकडं बघत होता. "आजी मला रोज सांगती, रंगीनं तुला सोललं. मी सयाजीकाकाला सांगितलंय, मी मोटा झालो तरी रंगाआजीला मारनार न्हाई."

रंगूबाईला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं की त्यालाही तसंच सांगितलेलं आहे. तिनं सुई बाजूला ठेवली. तिला त्याचं डोकं छातीशी धरायचं होतं, पण तसं धरलं तर त्याला लागलं असतं, म्हणून ती त्याच्याकडं नुसती बघत बसली.

"आष्ट्यालाच थांबली गाडी," जोती म्हणाला. "ड्रायव्हर रडाय लागला."

दुसऱ्या दिवशी आकाराम आला. गोदानं त्याला गोठ्यात नेऊन सगळं सांगितलं असणार, कारण सोप्यात येऊन बसला तेव्हा त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं होतं. चार भाऊबंद बसले होते, नारळ-सुपारी ताटात होती. त्यानं बहिणीला विचारलं, "शाले, मिरजेचा डाक्टर काय बोलला हुता?"

शालूबाईनं मागच्या दाराकडं बघितलं. तिथं रंगूबाई उभी होती.

"त्या थेरडीनं सांगितलं व्हय! आपलं पाप झाकाय माज्या माहेरावर बट्टा लावती. पाच वर्सं ह्या घरची भाकरी खाल्ली आनि आज घर मोडाय बसली. तेल कढत हुतं, दुसरं काय न्हाई. इचारा अंजीला. ती हुती की तितं."

सगळे अंजनाकडं बघायला लागले. मानसिंगही बघायला लागला. अंजनाच्या कडेवर धाकटी होती. तिनं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. तोंड उघडलं, मिटलं. मानसिंग म्हणाला, "बोल की." ती खाली बघत राहिली.

तेवढा वेळ आकारामाला पुरला. लेकीचं गप्प राहणं तो लहानपणापासून ओळखत होता. तो उठला, मुंडासं डोक्यावर ठेवलं आणि म्हणाला, "गोदे, पिशवी घे."

सयाजी रानातून नवा सदरा घालून आला तेव्हा एसटी गेलेली होती.

त्या संध्याकाळपासून मागचं दार आतून बंद झालं. गावानं रंगूबाईच्या नावावर आणखी एक गोष्ट टाकली: पोर सोललंच, आता जमलेलं लग्नही मोडलं. मानसिंगनं आईला काही विचारलं की नाही, कळलं नाही. तो रजा संपवून गेला.

रंगूबाई सकाळी उठून पान कापायची, उकळायची आणि शालूबाईच्या परड्याच्या भिंतीवर ओल्या फडक्यात ठेवून यायची. ते कोण घेतं, तिला दिसत नसे. पंधराएक दिवसांनी भर दुपारी अंजना तिच्या घरी आली. शालूबाई रानात गेली होती. अंजना उंबऱ्याच्या आत आली नाही.

"काकू, त्येनं खायचं सोडलंय. ताप उतरत न्हाई. माजा हात लागला की वरडतो. रंगाआजीची गाडी कवा यायची म्हनून इचारतो."

"फोड कुटं हाईत?"

"सगळीकडं."

रंगूबाईनं तिला पुन्हा सगळं सांगितलं. सुई कुठून घालायची, हात कुठं ठेवायचा, मान कशी उचलायची. बोलताना तिचे हात हवेत तसेच फिरत होते. "त्येच्याशी बोलत ऱ्हा. गप बसून करू नगंस, त्येला भ्या वाटतं. आनि मिरजेला न्हे त्येला. आजच न्हे."

"आत्ती म्हनती, मिरज नगं."

अंजना गेली नाही, उभीच राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी मी बोलली न्हाई."

"बोलली असतीस तर कुटं गेली असतीस पोरी?"

अंजनानं पदर तोंडात घातला आणि मागच्या पाणंदीनं निघून गेली.

जोती ज्येष्ठात गेला. लहान पोर म्हणून त्याला पुरायला ओढ्याकाठी नेलं. मानसिंगला तार गेली होती, पण तो पोचणं शक्य नव्हतं. सयाजीनं पोराला हातांवर घेतलं होतं. रंगूबाई उसाच्या बांधावर उभी राहिली. कुणी तिला हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही. सयाजी समोरून गेला तेव्हा तिला दिसलं, पोराला कोऱ्या मांजरपाटात गुंडाळलं होतं. खरबरीत, खळीचं कापड. पाच वर्षांत तिनं त्याच्या अंगाला कोरं कापड लागू दिलं नव्हतं. "आरं, ह्ये नगं," असं तिच्या तोंडात आलं. सयाजी थबकला, तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "काय न्हाई बाबा. सावकाश न्हे."

गावानं तिला पुढंही बोलावलं नाही. ती हळदीच्या दिवसांत हळद मोडायला जायची, इतर वेळी भांगलायला. एकोणऐंशीच्या फाल्गुनात एका खळ्यावर बायका हळकुंडं निवडत बसल्या होत्या. तासगावकडची एक बाई लेकीकडं आलेली, तीही हाताखाली बसली होती. बोलता बोलता तिनं आकारामाचं गाव आपलं शेजारचं असल्याचं सांगितलं.

रंगूबाईनं विचारलं, "त्येंची धाकटी पोरगी, गोदी. तिचं काय झालं?"

"ती व्हय? दिली की. विट्याच्या अलीकडं दिली, नात्याबाहीर. पोरगं झालंय तिला."

"पोराची कातडी चांगली हाय का?"

खळ्यावरच्या बायका एकदम हसल्या. एकजण म्हणाली, "बया बया! का गं रंगे? त्येलाबी सोलाय जायाचं हाय का?" तासगावच्या बाईला काही कळेना. तिला दुसरीनं कानात सांगितलं, तशी ती रंगूबाईपासून जराशी बाजूला सरकून बसली.

रंगूबाईनं मान खाली घालून आणखी दोन मुठी हळकुंडं निवडली. मग न राहवून पुन्हा विचारलं, "किती म्हैन्याचं झालं?"

"आठवा लागलाय," ती बाई तुटक म्हणाली.

"रांगतंय?"

"रांगतंय की. सारवल्या जमिनीवरनं, दगडावरनं. कुनाला धरू देत न्हाई."

रंगूबाईच्या डोळ्यांपुढं ते आलं. शेणानं सारवलेली जमीन, अंगणातले दगड, आणि त्यावरून आठ महिन्यांच्या पोराचे गुडघे दिवसभर घासत चाललेले. संध्याकाळी आई त्याला उचलून घेत असेल, धूळ झटकत असेल, आणि खाली नुसते मळलेले गुडघे असतील. तिनं सुपात हळकुंडं ओढली आणि कामाला लागली.